तेलाचा डाग

डिसेंबरातली सकाळ होती. निफाडकडं पारा पाच-सहा अंशांवर उतरला की येवल्यातही खिशातले हात बाहेर काढवत नाहीत. दुकानाचं शटर मी अर्धंच वर केलं होतं. त्याखालून वाकून एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आत आला, छातीशी रिमोटची गाडी धरलेली. "काका, रात्री चांगली पळत होती. आता चाकंच फिरेनात."

मी चाक बोटानं फिरवून पाहिलं. चिखलात रुतल्यासारखं जड. गाडी नाकाशी नेली आणि उलगडा झाला. खोबरेल तेल! आईची डोक्याला लावायची बाटली घेऊन त्यानं रात्री चारही चाकांच्या बेअरिंगांत मनसोक्त ओतलं होतं. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत बाटली उन्हात ठेवल्याशिवाय आपल्याकडं कुणाची वेणी होत नाही. पण तेच तेल छऱ्यांमध्ये जाऊन बसलं की तिथंही गोठणार, हे कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी ओट्यावर उन्हात ठेवली. अर्ध्या तासात चाकं सुटली. पोराला वाटलं, काकांनी काहीतरी जादू केली.

त्याला रागवायचा मला अधिकार नव्हता. माझ्या पहिल्या गाडीला मी शेंगदाण्याचं तेल घातलं होतं, आणि तेव्हा माझं वय दहा नव्हतं, छत्तीस होतं. महिनाभरात त्या तेलाचा कढईच्या बुडाला बसतो तसला पिवळा चिकटा झाला. खाण्याची बरीचशी तेलं हवा लागली की अशीच घट्ट होत जातात. ज्या घरात आजीच्या काळापासून शिलाई मशीनला फोडणीचं तेल घालतात, त्या घरचं मशीन हमखास माझ्याकडं येतं.

माझं दुकान मोटार वाइंडिंगचं. विहिरीवरच्या मोटारी, बोअरच्या मोटारी, पंखे, मिक्सर. रिमोटच्या गाड्या हा नाद, तोही उशिरा लागलेला. २००९ साली एका गिऱ्हाइकाच्या पुण्याच्या भाच्यानं जुनी, एकास दहा मापाची विजेवरची बग्गी 'चालली तर चालवा' म्हणून माझ्या टेबलावर टाकली. एकास दहा म्हणजे खऱ्या गाडीचा दहावा हिस्सा, लांबीला हातभर. उघडली तर आत खऱ्या गाडीत असतं ते सगळं: तेलाचे शॉक, डिफरन्शियल, प्रत्येक चाकाला दोन-दोन बेअरिंगं. पाच मिलिमीटर भोकाचं बेअरिंग मी तोवर हातात धरलं नव्हतं. त्या रात्री जेवायला घरी गेलो नाही.

घर आमचं विणकराचं. खोलीत दोन माग होते, वडील पैठणी विणायचे. मागाच्या खोलीत तेलाची बाटली न्यायला बंदी होती. डोक्याला तेल लावलेलं असलं तर आई दारातूनच चहा द्यायची. रेशमावर पडलेला तेलाचा थेंब आधी दिसत नाही, मग पसरतो, मग त्यावर धूळ बसते आणि मग तो कायमचा दिसतो. पण माग लाकडाचा, म्हणजे करकरणारच. पावड्या कुरकुरायच्या, फणीचा हत्या मागंपुढं होताना कण्हायचा. वडिलांकडं त्यावर दोनच औषधं. धोटा जिच्यावरून पळतो त्या पट्टीवर मेणाचा खडा घासायचा, आणि लाकडावर लाकूड घासतं तिथं चिमूटभर शंखजिरं. दोरा गुंडाळायच्या आसारीलाही मेणच, रेशमाची असो की संक्रांतीतली मांज्याची.

मला लहानपणी वाटायचं, वडील तेलाला कंजूष आहेत. नऊ-दहा वर्षांचा असताना एका दुपारी ते जेवायला गेलेले पाहून मी मागाच्या कुरकुरणाऱ्या सांध्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. चांगले पाच-सहा थेंब. कुरकुर थांबली. वडील आले, बसले, क्षणभर कान टवकारले आणि काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी ते तेल लाकडाच्या रेषेरेषेनं उतरत काठापर्यंत पोचलं. पैठणी उतरल्यावर व्यापाऱ्यानं तो काठ बोटानं चोळून बघितला आणि भाव पाडला. किती पाडला ते मला कधी सांगितलं गेलं नाही. वडिलांनी मला मारलंही नाही. फक्त मशीनच्या तेलाची बाटली वरच्या फळीवर गेली.

इतकं शिकून मी छत्तिसाव्या वर्षी काय केलं? बग्गीच्या मोटारीवरची पितळी दिसणारी छोटी पिनियन आणि तिच्यात अडकणारं मोठं नायलॉनचं दातेरी चक्र उघडंच होतं. उघडा गिअर कोरडा बघवेना. पंख्याच्या बेअरिंगला लावतो ते लिथियम ग्रीस बोटभर घेऊन सगळ्या दातांना फासलं. आवाज लोण्यासारखा मऊ झाला. मग कांद्याच्या चाळीमागच्या रिकाम्या वावरात गाडी सोडली. मार्च महिना, काळ्या मातीचा भुगा झालेला, वर मुरमाचा बारीक चुरा.

तिसऱ्या रविवारी पिनियनचे दात सुरीसारखे पातळ झाले होते. मऊ नायलॉन मात्र जवळजवळ शाबूत! हे उलटं कसं, म्हणून मी पुष्कळ डोकं खाजवलं. भिंग घेऊन पाहिलं तेव्हा दिसलं की ग्रीसनं धरून ठेवलेले मातीचे खडे नायलॉनमध्ये रुतून बसले होते. मऊ चक्राचा पॉलिश पेपर झाला होता आणि तो धातूचे दात घासून खात होता. खडा कठीण जागी टिकत नाही, मऊ जागी घर करतो. गाडी बनवणाऱ्यांनी तो गिअर कोरडा ठेवला होता तो विसरून नव्हे. नायलॉन स्वतःच बऱ्यापैकी निसरडं असतं, उघड्या जागी त्याला काही लागत नाही. फारच वाटलं तर पेन्सिलीच्या शिशाची पूड, म्हणजे ग्रॅफाइट. तीही जपून, कारण ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि शेजारीच गाडीचं सर्किट असतं.

म्हणजे वडिलांचं शंखजिरं. फळीवरची बाटली तेव्हा आठवली, थोडी लाज वाटली. वडील त्या वेळी होते. त्यांना झिजलेली पिनियन दाखवली. त्यांनी ती चिमटीत धरून उजेडाकडं केली, "धूळ होती का?" एवढंच विचारलं आणि परत दिली.

पुढच्या चुका सांगताना फार वेळ घेत नाही, कारण त्या सगळ्यांच्याच होतात. गंजलेला नट सोडवायचा जो फवारा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो बेअरिंगमध्ये मारला. चाक भिंगरीसारखं फिरलं, मी खूश. तो फवारा बहुतांशी पातळ द्रावक असतो. आतलं कारखान्यातलं ग्रीस धुऊन काढतो, स्वतः उडून जातो आणि मागं तेलाची नावापुरती झिल्ली ठेवतो. दोन आठवड्यांत बेअरिंग किरकिरायला लागलं. मोटारीच्या बुशला थेंबाऐवजी धार सोडली, तर तेल कम्युटेटरवर गेलं, कार्बन ब्रशची पूड त्यात कालवली गेली आणि मोटारीतला जीवच गेला. ही चूक वाइंडिंगवाल्यानं करावी, हे मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

बेअरिंगचं माझं आताचं काम असं. पातळ कडी सुईनं काढायची, पत्र्याची चकती उचलायची, पेट्रोलच्या वाटीत हलवून धुवायचं, पूर्ण वाळवायचं. फरशीवर पळणाऱ्या गाडीला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, सुईच्या टोकावरून. मातीत पळणाऱ्या गाडीला एक तृतीयांश जागा भरेल इतकं ग्रीस आणि रबरी चकतीची बेअरिंगं. रबर थोडं अडवतं, गाडी किंचित हळू पळते, पण आमच्या वावरात वेगापेक्षा धुळीचीच जास्त चिंता. ग्रीस ठासून भरू नये. छरे फिरण्याऐवजी ते घुसळत बसतात आणि तापतात. आणि शॉकचं सिलिकॉन तेल बेअरिंगला घालू नये. महाग आणि स्वच्छ असतं म्हणून पोरं घालतात, पण पोलादावर पोलाद घासतं तिथं सिलिकॉन फारसं वाचवत नाही.

शॉकमध्ये मात्र सिलिकॉनच हवं, आणि तेही मी मोटारसायकलचं इंजिन ऑइल घालून शिकलो. आठ दिवसांत शॉकच्या दांड्याभोवतीच्या रबरी कड्या फुगल्या आणि दांडा जागच्या जागी अडकला. त्या कड्या सिलिकॉन रबराच्या होत्या आणि खनिज तेल त्यांना चालत नव्हतं. तेल निवडताना ते कोणत्या धातूला लागणार हे आपण बघतो. कोणत्या रबराला, कोणत्या प्लास्टिकला लागणार हे विचारत नाही. काही फवाऱ्यांनी पारदर्शक बॉडीला केसासारख्या भेगा पडतात, त्याचं कारण तेच.

मग सुरू झाला आकड्यांचा घोळ. शॉकच्या तेलाच्या बाटलीवर ३०, ४० असे आकडे असतात. एका कंपनीचं ३० दुसरीच्या ३५ इतकं घट्ट निघायचं. मी समजत होतो, आपलं काहीतरी चुकतंय. पुढं कळलं की खरं माप सेंटिस्टोकचं. साध्या तापमानाला पाणी साधारण १ सेंटिस्टोक, आणि त्या ३० आकड्याचं शॉक ऑइल साडेतीनशेच्या आसपास. डिफरन्शियलचं तेल तर हजारांत मोजतात: पाच हजार, सात हजार, काही गाड्यांना लाखभर. बाटली उलटी धरली तर बुडबुडा वर चढायला चहा होईल इतका वेळ लागतो.

आमच्याकडं हवं ते तेल हवं तेव्हा मिळायचं नाही. म्हणून मी मिसळायला लागलो. हजाराचं आणि दहा हजाराचं समसमान घेतलं की साडेपाच हजार होईल, हा माझा हिशोब. गाडी बघून कळायचं की नाही होत. सुईविना दहा मिलीची सिरिंज उभी धरायची, तेल ओतायचं, आणि ठरावीक दोन रेघांमधून उतरायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. असं करत वही भरली. समसमान मिश्रण निघायचं तीन हजारांच्या थोडं वर. पातळ तेल घट्ट तेलाला आपल्याकडं जास्त ओढतं. एका शिक्षकाला वही दाखवली तर ते म्हणाले, "हे लॉगरिदम आहे, अकरावीत शिकवतो आम्ही." मी अकरावी पाहिलेली नाही. आयटीआय केलं. पण त्या दिवशी घरी जाताना सायकल हलकी वाटली, हे खरं.

त्याच वहीत हंगामाचं एक पान आहे. मे महिन्यात बेचाळीस अंशांत गाडी वावरात उभी केली की शॉक ढिले पडतात, उडीनंतर पोट जमिनीला लागतं. म्हणून उन्हाळ्यात एक पायरी घट्ट तेल, दिवाळीनंतर एक पायरी पातळ. सिलिकॉन तेल उष्णतेनं खनिज तेलापेक्षा कमी बदलतं, पण बदलतंच.

एकदा मात्र जास्त निसरडं करणंच नडलं. छऱ्यांचं डिफरन्शियल नावाचा एक प्रकार असतो. त्यात दाते नसतात; दोन चकत्यांमध्ये दाबलेले छरे घर्षणानं ताकद पोचवतात. मी त्यात बेअरिंगसाठी ठेवलेलं काळं मोलिब्डेनमचं ग्रीस भरलं, आणि मोटार गरगरली, गाडी जागेवर. त्या छऱ्यांना साधं सिलिकॉन ग्रीसच हवं, पकड राहील इतकंच. काळं ग्रीस त्याच डिफच्या एका टोकाला असलेल्या बारक्या थ्रस्ट बेअरिंगला लागतं. एका सुपारीएवढ्या भागात दोन वंगणं, आणि त्यांची अदलाबदल झाली तर दोन्ही वाया.

तोपर्यंत मला वाटायला लागलं होतं की आता मला येतं. मग इंजिनाची गाडी आली. एकास आठ मापाची, पेट्रोलवर नव्हे, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारी. कुणाच्या तरी माळ्यावर सात-आठ वर्षं पडून होती. दोरी ओढली तर दगड. पिस्टन सिलिंडरला जणू डिंकानं चिकटवलेला. नळीतला घट्ट तपकिरी थेंब बोटावर घेतला आणि एकदम आजी आठवली. एरंडेल.

दर दोन-चार महिन्यांनी सकाळी उपाशीपोटी चहातून एरंडेल पाजायची ती. त्याचा वास माझ्या पिढीतल्या कुणाच्याच नाकातून जायचा नाही. आणि तेच तेल परदेशी इंधनाच्या डब्यात! या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांना तेलाचं वेगळं भांडं नसतं. तेल इंधनातच कालवलेलं असतं आणि जळता जळता वंगण देतं. एरंडेल मिथेनॉलमध्ये विरघळतं, आणि फार तापलं तरी धातूवरची आपली झिल्ली सोडत नाही. पहिल्या महायुद्धातल्या ज्या विमानांचं इंजिन पंख्याबरोबर गरगर फिरायचं, त्यांच्यातही एरंडेलच घालत, आणि वैमानिकांच्या तोंडावर त्याचा धूर यायचा. पोटात काय होत असेल याची कल्पना आमच्या आजीच्या नातवंडांना आहे. कॅस्ट्रॉल हे नावही १९०९ साली कॅस्टर म्हणजे एरंडावरूनच पडलं. जगातलं सगळ्यात जास्त एरंडेल आजही आपल्या देशात, मुख्यतः गुजरातेत होतं.

आजोबांच्या बैलगाडीच्या आसालाही एरंडेलातच काहीबाही कालवलेलं वंगण असायचं, गाडीखाली नळकांड्यात टांगलेलं. मला त्याचा काळा हात आठवतो. म्हणजे बैलगाडी, नातवंडाचं पोट आणि नायट्रोची गाडी, तिन्हीकडं एकच तेल. त्याचा दोष एवढाच की इंधन उडून गेल्यावर ते मागं राहतं आणि वर्षानुवर्षं घट्ट होत जातं. मी ते इंजिन गरम हवेच्या बंदुकीनं हात पोळेल इतकं तापवलं, थिनर सोडलं, पुन्हा तापवलं. तिसऱ्या दिवशी पिस्टन हलला. तेव्हापासून इंजिनाची गाडी चालवून झाली की टाकी रिकामी करायची, उरलेलं इंधन जाळून टाकायचं आणि कार्ब्युरेटरातून हलक्या तेलाचे चार थेंब टाकून दोरी दोन-तीनदा ओढायची. हे शिकवलेली पोरं ते करत नाहीत. मीही आजीचं ऐकत नव्हतो.

येवल्याची म्हणून एक अडचण आहे, ती कुठल्या पुस्तकात नसेल. भोगी, संक्रांत, कर, असे तीन दिवस आमच्या गावाची मान वर असते. त्या दिवसांत गाडीला कुणी हात लावत नाही, मीही गच्चीवर असतो, आसारी कुणाच्या तरी हातात देऊन. पण नंतर महिनाभर रस्त्यात, वावरात तुटलेला मांजा पडलेला असतो. गाडीचं चाक तो गुंडाळून घेतं. चाक आणि बेअरिंग यांच्या मधल्या फटीत दोरा आवळत जातो आणि त्यावरची काचेची पूड रबरी चकती कापते. एकदा कापली की आत धूळ, आणि मग ग्रीस कितीही चांगलं असो. फेब्रुवारीत माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांची चाकं मी आधी काढतो आणि चिमट्यानं दोरा ओढतो. कधी कधी दोन-दोन रंगांचा निघतो.

दुकानाचं मुख्य काम मात्र आजही मोटारींचं, आणि तिथं वंगणाची गोष्ट आणखी वेगळी. बोअरमध्ये सोडतात त्या बहुतेक पाणबुडी मोटारींत तेल नसतंच. आत स्वच्छ पाणी भरतात, तेच बुशला आणि खालच्या कार्बनच्या थ्रस्ट बेअरिंगला वंगण देतं, तेच थंड ठेवतं. ज्या वर्षी पाऊस दगा देतो, त्या वर्षी बोअर आटत येतं, मोटार गाळ ओढते, कोरडी चालते, आणि कार्बन करपलेल्या मोटारी माझ्या दारात ओळीनं लागतात. एक शेतकरी मला म्हणाला होता, "भाऊ, भारीतलं ऑइल टाका यात, म्हणजे पुन्हा जळायची नाही." त्याला काय सांगणार? त्याला पाण्याचंच वंगण हवं होतं आणि ते माझ्याकडं नव्हतं.

वडील गेल्यानंतर माग शेजारच्या घरी गेले. तिथला विणकर माझ्याहून लहान, मला दादा म्हणतो. त्यानं कांड्या भरायच्या रहाटाला शिलाई मशीनची छोटी मोटार बसवली होती. रहाटाचा दांडा पितळी बुशमध्ये फिरायचा, दर दोन दिवसांनी किंचाळायचा, आणि तेल घातलं की दांड्यावरून उडालेले बारीक थेंब थेट रेशमाच्या कांडीवर. त्यानं पुठ्ठ्याचा आडोसा केला होता. पुठ्ठाही तेलानं पारदर्शक झालेला.

"दादा, न उडणारं तेल असतं का?"

मी रहाट दुकानात आणला. बुश काढून त्या जागी दोन्ही बाजूंनी रबरी चकती असलेली बेअरिंगं बसवली, गाडीच्या मापाची नव्हे पण त्याच जातीची. कारखान्यातलं ग्रीस आतच, बाहेर थेंब नाही. लाकडाच्या टेकूला मेण घासलं. फिरवून पाहिलं, मग पांढरा रुमाल दांड्याला धरून पुन्हा पाच मिनिटं फिरवलं. रुमाल पांढराच राहिला. तो मी बराच वेळ उजेडाकडं धरून बघत होतो.

तीन वर्षं झाली. रहाट चालू आहे. तेलाची बाटली त्यानं कुठं ठेवली आहे ते मी विचारलेलं नाही.